कारण : आवडतात म्हणून

२०२४ च्या आयपीएलमध्ये धोनी पुन्हा मानेवर रुळणारे केस घेऊन मैदानात उतरला आणि आमच्या घरात भानगड सुरू झाली. पोरगा तेव्हा पाचवी संपवून सुट्टीत होता. सुट्टीभर केस कापायचे नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. मला त्यात काही वावगं दिसेना. २००६ साली लाहोरात मुशर्रफांनी सगळ्यांदेखत धोनीच्या केसांचं कौतुक केलं, कापू नकोस म्हणून सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्यातली बरीच पोरं तशीच झिपरी झाली होती. कॉलेजात होतो म्हणून निभावलं. शाळेत असतो तर पहिल्याच दिवशी भादरलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली तरी केस तसेच राहिले. सहावीच्या वर्गशिक्षिका बाईंनी त्याला एकदा हटकलं आणि मग स्वतःच्याच पर्समधलं काळं रबर काढून दिलं. ‘बांधून येत जा आणि हेडसरांसमोर जाऊ नकोस.’ आपल्याकडे निम्मे नियम असेच चालतात, त्यामुळे वर्ष निघून गेलं. बायको रविवारी त्याला तेल लावून द्यायची, पावसाळ्यात बारीक फणी फिरवायची. गल्लीतल्या बायका ‘पोरगी झाली की ओ तुम्हाला’ म्हणून हसायच्या. पोरं त्याला पोतराज म्हणायची. मरीआईच्या पोतराजाचे केस त्यानं यात्रेत पाहिले तेव्हा तो चिडायच्या ऐवजी खूशच झाला.

सातवीत दोन गोष्टी एकदम झाल्या. केस मानेखाली उतरले आणि पीटीला नवे सर आले.

शनिवारी सकाळची शाळा असते. कवायत झाली की नखं, बूट आणि केसांची तपासणी. ज्याचे केस वाढलेले, त्याची एक बट सर कात्रीनं उडवायचे. फार नाही, दोन बोटांएवढीच, पण अशा जागची की न्हाव्याकडे गेल्याशिवाय पोराला तोंड दाखवता येऊ नये. कात्री कार्यानुभवाच्या पेटीतली, निळ्या प्लास्टिकच्या मुठीची, वर्षानुवर्षं घोटीव कागद आणि पुठ्ठा कापून बोथट झालेली. तिनं केस कापले जात नाहीत, आधी ओढले जातात. एका शनिवारी पोरगा घरी आला तो कानावर हात धरून. उजव्या कानावरची बट मुळापासून गेली होती आणि कातडीला लालसर ओरखडा होता. त्यानं दप्तरातून कंपासपेटी काढली, उघडली. कर्कटक आणि गुण्याच्या मधे ती बट ठेवलेली होती. मैदानातून उचलून आणलेली, तिला अजून माती चिकटलेली.

‘ही कशाला आणलीस?’

‘पुरावा.’

तो माझा मुलगा आहे, हे मला त्या क्षणी पुरतं पटलं. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, प्रतिज्ञापत्र, रस्त्याची तक्रार, पेन्शनचं स्मरणपत्र, सगळ्या गावाचं ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ माझ्या हातून जातं. पोरगं संध्याकाळी दुकानात बसतं आणि ऐकतं. कागद नसेल तर काम होत नाही, हे त्याला बाराखडीबरोबरच कळलंय.

भाची पुण्यात कायद्याला आहे. रात्री तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एक गोष्ट निक्षून सांगितली, ‘मामा, कात्री आणि नियम एका अर्जात घालू नको. दोन वेगळी प्रकरणं आहेत.’ पुढं जे काही जमलं ते या सल्ल्यामुळं जमलं असं मी मानतो. कात्रीचं प्रकरण सरळ होतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही, केल्यास सेवानियमांप्रमाणे कारवाई. त्यात केस लांब की आखूड, नियम चांगला की वाईट, हा प्रश्नच येत नाही. नियम मोडला असला तरी अंगाला हात लावता येत नाही. एवढ्यापुरतं अर्धं पान टाइप केलं आणि सोमवारी हेडसरांकडे गेलो.

हेडसर निवृत्तीला आलेले. मी याच शाळेत शिकलो, तेव्हा ते नवीन लागले होते आणि आम्हाला भूमिती शिकवायचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पीटीच्या सरांना बोलावून घेतलं. ते सर आले ते आधी तावातच होते. पोरांच्या भल्यासाठीच करतो, आमच्या वेळी तर वेताचा फोक असायचा, वगैरे. मग पोरानं कंपासपेटी टेबलावर उघडून ठेवली. सर एकदम गप्प झाले. कात्री त्या दिवसापासून बंद झाली आणि फक्त माझ्या पोरासाठी नाही, सगळ्यांसाठीच. खरं म्हणजे बाकीच्या कितीतरी पोरांच्या बटा गेल्या होत्या आणि एकाही बापाला त्यात काही वाटलं नव्हतं. मलाही स्वतःच्या पोरावर आल्यावरच वाटलं, ते सोडा.

‘कात्रीचं झालं,’ हेडसर म्हणाले. ‘आता केस कधी कापताय?’

त्यांनी शाळेच्या डायरीचं मागचं पान काढून माझ्यापुढं सरकवलं. ‘विद्यार्थ्यांचे केस बारीक कापलेले असावेत. विद्यार्थिनींनी दोन वेण्या घालून लाल रिबीन बांधावी.’ मी शाळेत होतो तेव्हाही शब्दाला शब्द हेच वाक्य होतं. शब्दही बदलला नाही आणि रिबिनीचा रंगही.

मग जे सुरू झालं ते मला अजून गमतीचं वाटतं. नियम बदला असं मी म्हणालो, तर कोणीच ते मनावर घेतलं नाही, पण नियमातून सुटायला काय सांगावं याचे सल्ले मात्र चहूकडून आले.

पहिला सल्ला खुद्द हेडसरांचाच. ‘कॅन्सरच्या पेशंटसाठी केस दान करतोय असं लिहून द्या. मी आत्ता सही करतो. दान करायच्या दिवशी शाळेत छोटा कार्यक्रम घेऊ, पेपरला फोटो देऊ.’ सल्ला मनापासूनचा होता. केसदान ही चांगलीच गोष्ट आहे आणि हल्ली बरेच मुलगे ते करतात. पण हिशेब पाहा. विगसाठी बहुतेक ठिकाणी निदान दहा-बारा इंच केस मागतात. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे बारा इंचाला दोन वर्षं तरी हवीत. तोवर पोरगा आठवीत जाणार आणि दान झालं की पुन्हा बारीक. परवानगी केसांना नव्हती, दानाला होती.

आईचा सल्ला दुसरा. ‘जोतिबाला नवस बोललोय म्हनून सांग की. देवाच्या कामाला कोन आडवं येतंय?’ तिचं गणित बरोबर होतं. आमच्या भागात नवसाचे केस, वाढलेलं जावळ, याला कुठल्या शाळेत कोणी हात लावत नाही. न्हाव्यानं त्वचेची अ‍ॅलर्जी सुचवली, सर्टिफिकेट देणारा डॉक्टरही सुचवला. शेजारच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं की नाटकात भूमिका आहे म्हणा, बालशिवाजीची.

आणि शाळेत नववीत एक शीख मुलगा आहे, हायवेवरच्या गॅरेजवाल्यांचा. पटका बांधून येतो. त्याच्या केसांची लांबी कोणी कधी विचारली नाही आणि विचारूही नये. पण मग लांब केसांनी अभ्यासात लक्ष लागत नाही, उवा होतात, शिस्त बिघडते, ही जी कारणं हेडसर मला देत होते, त्यांचं काय? तो मुलगा तर कबड्डीच्या संघात आहे. म्हणजे केसांनी काहीच बिघडत नाही, हे शाळेला आधीच माहीत होतं.

हे सगळे सल्ले मी जेवताना पोरापुढं मांडले. त्यानं शांतपणे ऐकलं.

‘पण मी दान करणार नाहीये.’

‘करशील नंतर.’

‘नवस पण नाहीये.’

‘बरं मग काय लिहू?’

‘आवडतात म्हणून लिहा की पप्पा.’

मी दुकानात हजारो अर्ज टाइप केलेत. कारणाच्या रकान्यात लोक काय काय लिहितात ते मला पाठ आहे. ‘आवडतं म्हणून’ हे कारण मी आजवर एकाही सरकारी किंवा निमसरकारी कागदावर टाइप केलेलं नाही. देव चालतो, आजार चालतो, समाजसेवा चालते, मयत चालतं. माणसाला काही आवडतं हे कारण आपल्याकडे कागदावर आणायला लाज वाटते, कोणीतरी चोरी केल्यासारखी. पोराला ती लाज नव्हती. आणि खोटं कारण लिहून परवानगी मिळवली असती, तर बारा वर्षांच्या मुलाला मीच शिकवलं असतं की शाळेत नीट राहायचं तर खोटं नीट बोलायला हवं.

आमच्या घराला याची जुनी ओळख आहे. माझ्या पणजोबांनी तरुणपणी शेंडी उतरवून ‘क्रॉप’ ठेवला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना पंगतीला बसू दिलं नव्हतं, असं आजी सांगायची. त्या काळी डोकं भादरून शेंडी ठेवणं ही सभ्यता होती आणि आज ज्याला शाळा ‘बारीक केस’ म्हणते तो गोऱ्या साहेबाचा थिल्लरपणा. हे हेडसरांना सांगितल्यावर ते मोकळेपणानं हसले. ‘पण तुमच्या पणजोबांना कारण विचारलं होतं का?’ विचारलं असणार. त्यांनीही तेच उत्तर दिलं असणार.

हसले तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. त्यांच्या अडचणीही मला कळत होत्या. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. पट घसरतोय. पटसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदं, ठरते, पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग त्यांना दुसऱ्या शाळेत जावं लागतं. पलीकडे इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बस गल्लीबोळात फिरतात. अशा वेळी आमच्या शाळेला दाखवण्यासारखं एकच आहे, शिस्त. आणि शिस्त रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायची तर ती पोरांच्या डोक्यावरच दिसते. ‘तुमच्या एकट्याचं ऐकलं तर उद्या दहा पालक विचारतील, शाळेत चाललंय काय?’ हे त्यांनी मला चहा पाजून सांगितलं.

तोवर पोराला तासाला बसू देईनात. मारत नव्हते, ओरडत नव्हते. ‘वाचनालयात बस, केस कापून आलास की वर्गात ये.’ वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि त्यांची किल्ली सापडत नाही. हे मात्र मी अर्जात घेतलं.

अर्ज लिहायला बसलो तेव्हा भाचीनं पाठवलेले निकाल समोर होते. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचले. कोर्टात जायचं नव्हतंच, पण अर्जात काय घालावं यापेक्षा काय घालू नये हे त्यातून कळलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा निकालात म्हटलंय की पोशाख आणि बाह्यरूप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मला वाटलं, झालं काम. भाची म्हणाली, थांब. तो निकाल तृतीयपंथीयांच्या हक्कांचा. शाळेचा गणवेश म्हटलं की न्यायालयं बिचकतात. केरळ उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये संस्थेचा अधिकार वरचढ ठरवला. कर्नाटकातलं हिजाबचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. बाहेरही तेच. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत लांब केसांवरून शाळांविरुद्ध खटल्यांचा पाऊसच पडला. विस्कॉन्सिनच्या मुलाच्या बाजूनं १९६९ मध्ये निकाल लागला, टेक्ससच्या एल पासोमधला मुलगा १९७२ मध्ये हरला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असा एकही खटला हातात घेतला नाही. त्यामुळे तिथं आजही कुठल्या राज्यात राहता यावर केसांची लांबी ठरते. टेक्ससमध्येच २०२३ साली एका कृष्णवर्णीय मुलाला त्याच्या जटांसारख्या वळवलेल्या केसांवरून महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं होतं. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करू नये असा कायदा त्याच राज्यात नुकताच लागू झाला होता, तरी न्यायाधीशांनी शाळेचाच लांबीचा नियम उचलून धरला.

मला खरा उपयोगी पडला तो न्यूझीलंडचा निकाल, २०१४ सालचा. हेस्टिंग्जच्या एका मुलाला लांब केसांमुळे शाळेनं निलंबित केलं. शाळेचा नियम होता की केस आखूड, नीटनेटके, नैसर्गिक रंगाचे, कॉलरच्या वर आणि डोळ्यांपासून दूर असावेत. मुलगा म्हणाला, मी बांधून येतो, म्हणजे कॉलरही मोकळी आणि डोळेही. उच्च न्यायालयानं निलंबन बेकायदा ठरवलं आणि नियमही रद्द केला. का? तर तो नेमका नाही, त्याचा अर्थ ज्याला जसा वाटेल तसा लावता येतो. स्वातंत्र्य, अस्मिता वगैरेत फार न शिरता थेट वाक्यातच खोट काढली. तालुक्याच्या टायपिस्टला याहून जवळचा युक्तिवाद कुठला?

अर्ज एका पानाचाच केला. संविधान काढलं नाही, कारण संविधान काढलं की समोरचा माणूस लगेच ताठ होतो. तीनच गोष्टी विचारल्या. एक, ‘बारीक’ म्हणजे किती? दोन, केस बांधून, डोळ्यांवर न येऊ देता मुलगा आला तर शाळेच्या नेमक्या कोणत्या कामात अडथळा येतो? तीन, वर्गाबाहेर बसवल्यामुळे जे तास बुडाले, त्याचं काय? खाली लिहिलं, मुलगा केस वाढवतो कारण ते त्याला आवडतात. पोरानं शेवटचं वाक्य वाचून पाहिलं आणि मग माझ्या सहीशेजारी स्वतःही सही केली, ती नको असताना.

अर्ज देणं आणि अर्ज आवक करून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी रोज लोकांना सांगतो. हेडक्लार्क भाऊसाहेब अर्ज घ्यायला तयार होते, पण झेरॉक्सवर शिक्का मारायला नाही. ‘अहो, घरचीच शाळा आहे, पोच कशाला?’ मी म्हणालो, घरचीच आहे म्हणूनच मारा. हसत हसत उभा राहिलो, हललो नाही. शेवटी त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्क्याला थुंकी लावल्यागत फुंकर मारली, आवक क्रमांक टाकला. तो निळा शिक्का पडला नसता तर तुम्ही हे वाचत नसता, कारण पुढं सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

सोबत दुसरा कागद दिला, माहितीच्या अधिकाराचा. अनुदान घेणारी शाळा त्या कायद्याखाली येते. जोडपत्र ‘अ’, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. मागितलं काय, तर विद्यार्थ्यांच्या केसांबाबतचा नियम ज्या सभेत मंजूर झाला त्या सभेच्या ठरावाची प्रत. हे मला कोणी सुचवलं नव्हतं. वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करून एक गोष्ट अंगात मुरलीय. नियमावर बोलण्याआधी तो कोणी केला ते विचारावं.

मुदत तीस दिवसांची. उत्तर मुदतीच्या आत आलं. एकच ओळ : ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’

कोणीच केलेला नव्हता तो नियम. म्हणजे कोणी तरी, कधी तरी छापखान्याला मजकूर दिला असणार. त्यानंतर दरवर्षी छापखान्यानं मुखपृष्ठावरचं साल बदललं आणि मागचं पान तसंच ठेवलं. त्या ओळीपायी पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं कवायतीनंतर मान खाली घालून उभी राहिली, मीही राहिलो.

ते उत्तर घेऊन मी हेडसरांकडे गेलो तेव्हा ते आधी भाऊसाहेबांवर चिडले, मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. त्याच दिवशी पोरगा वर्गात बसला. ठराव नसलेल्या नियमावरून मुलाला बाहेर ठेवलंय असं उद्या कागदावर आलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तो मसुदाही मी टाइप करून ठेवला होता. लागला नाही. पण टाइप केलाय हे मी चहा पिताना सहज बोलून गेलो होतो.

विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे आला. कायद्याप्रमाणे तिच्यात पंच्याहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात. अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, अंतिम शब्द संस्थेचा. तरी सल्लाही कागदावर येतो. मला वाटत होतं पालक म्हणजे आपली माणसं. सभेत बसलो आणि कळलं की सगळ्यात कडक तीच. ‘आज केस, उद्या कानात बाळी, परवा टॅटू.’ ‘माझं पोरगंबी मागं लागलंय, ह्येच्यामुळं.’ एक जण म्हणाला, पोरीसारखा दिसतो. त्यावर पोरगं, ज्याला मी मागच्या बाकावर गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणालं, ‘मग पोरींसारखं दिसणं वाईट असतं का?’ बोलणारा गडी चपापला, कारण त्याच्या दोन्ही मुली याच शाळेत.

उवांचा मुद्दा निघालाच. तेव्हा भाजीचा गाळा चालवणाऱ्या एक सदस्य ताई पहिल्यांदाच बोलल्या. ‘माझ्या पोरीला पावसाळ्यात उवा हुत्यात. तिला कधी वर्गाबाहेर काढली न्हाई. आन काढूबी नका.’ तो विषय तिथंच मिटला. पीटीच्या सरांनीही एक अनपेक्षित वाक्य टाकलं, की बांधलेले असतील तर खेळाला अडचण येत नाही, फक्त लोखंडी क्लिप नको, लागते. त्यांनी असं का केलं हे मी त्यांना विचारलं नाही. धोनीचे चाहते तेही आहेत, हे मागाहून कळलं.

ठराव झाला. केस स्वच्छ असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, कॉलरच्या खाली गेल्यास बांधलेले असावेत. इथवर माझ्या मनासारखं. पण हेडसरांनी शेपूट जोडलंच : ‘केस वाढवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांनी विहित नमुन्यात कारणासह अर्ज करावा.’ यावर मी भांडलो. कारण कशाला? नियमात बसतोय ना तो? सभा कंटाळली होती, चहा गार झाला होता, दोघं-तिघं मोबाइल बघत होते. शेपूट तसंच राहिलं. संस्थेच्या सचिवांनी पुढच्या आठवड्यात सही केली, तीही न वाचता केली असावी असा माझा संशय आहे.

विहित नमुना करायचं काम कोणाकडे आलं असेल? माझ्याकडेच. भाऊसाहेबांनी हातानं लिहिलेला कच्चा मसुदा दुकानात पाठवून दिला. कारण : धार्मिक, वैद्यकीय, सामाजिक, यांपैकी एकावर खूण करा. मी जसाच्या तसा टाइप केला. फक्त चौथा चौकोन काढला, त्याच्यापुढं ‘इतर’ लिहिलं आणि एक रेघ मोकळी सोडली. भाऊसाहेबांना प्रिंट दाखवली. ते म्हणाले, ‘इतर’ कशाला? मी म्हणालो, सगळ्याच नमुन्यांत असतं, नसलं तर वर विचारतात. हे वाक्य कार्यालयात कधी वाया जात नाही. त्यांनी मान डोलावली.

पोरानं पहिला अर्ज भरला. ‘इतर’वर खूण केली, रेघेवर लिहिलं : आवडतात. मंजूर झाला, शिक्का बसला. हे समाधानकारक आहे असं मी म्हणणार नाही. डोक्यावरच्या केसांसाठी परवानगी मागायला लागू नये असं माझं आजही मत आहे आणि तो नमुना मीच टाइप केलाय याची मला अधूनमधून गंमत आणि अधूनमधून चीड येते. पण नमुन्याच्या प्रती झेरॉक्सला येतात त्या मी बघतो. आठवीतल्या एकानं नवस लिहिलाय. एकानं गिटार. बाकी सगळे ‘इतर’वाले.

परवा एक बाई दुकानात आल्या. मुलगी सहावीत. तिनं केस खांद्यावर कापून घेतलेत आणि दोन वेण्या बसत नाहीत, लाल रिबीन बांधायला जागाच नाही. शाळा म्हणते केस वाढव. बाईंच्या हातात तो नमुना होता. वर ठळक अक्षरात लिहिलंय, ‘फक्त विद्यार्थ्यांसाठी’, म्हणजे मुलांसाठी. ‘ह्यात आमचं बसतंय का भाऊ?’

‘नाही बसत,’ मी म्हणालो. ‘तो बाजूला ठेवा. वेण्यांचा ठराव कधी झाला ते आधी विचारू. स्टँपवाल्याकडून दहा रुपयांचं तिकीट घेऊन या.’